शिक्का पुसणारा कारकून

‘एक जनुक बंद केले की मधुमेह आणि लठ्ठपणा दोन्ही टळतात, हे खरे काय?’ अशी पृच्छा एका वाचकांनी केली आहे. उंदरांपुरते ते बव्हंशी खरे आहे; मनुष्याची गोष्ट निराळी.

पेशीचा कारभार जुन्या हुजूर दप्तरासारखा चालतो. इन्शुलिन पेशीच्या दाराशी आले म्हणजे तेथील ग्राही प्रथिनाच्या टायरोसिनांवर फॉस्फेटचा शिक्का उमटतो, आणि तो पाहिल्यावरच आतील मंडळी ग्लुकोज आत घेण्याच्या तजविजीस लागतात. शिक्का मारणारी कायनेज विकरे संशोधकांची लाडकी झाली. तो पुसून हुकूम रद्द करणाऱ्या फॉस्फेटेजकडे मात्र झाडलोटीचा चाकर म्हणूनच पाहिले गेले. वस्तुतः ज्या दप्तरात हुकूम रद्द होण्याची सोयच नाही, तेथे अंदाधुंदीच माजावयाची.

या उपेक्षिताची कैफियत प्रथम नीट ऐकली ती सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात. एडमंड फिशर यांच्या प्रयोगशाळेत निकोलस टॉन्क्स प्रभृतींनी मानवी वारेतून, म्हणजे प्रसूतीनंतर एरवी टाकून दिल्या जाणाऱ्या अवयवातून, ‘पीटीपी१बी’ हे विकर शुद्ध करून १९८८ साली प्रसिद्ध केले. त्यातील अमिनो आम्लांचा क्रम तोवर ठाऊक असलेल्या एकाही फॉस्फेटेजशी जुळेना; जुळला तो पांढऱ्या पेशींच्या पृष्ठभागावरील सीडी४५ या प्रथिनाशी, ज्याचे नेमके काम काय हे तोपर्यंत कोणासच सांगता येत नव्हते! वारेचा तपास करताना भलत्याच खात्यातले तुंबलेले प्रकरण निकालात निघावे, यासारखी मौज नाही.

पुढे १९९९ साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील संशोधकांनी या विकराचे जनुक नसलेले उंदीर घडविले. त्यांना इन्शुलिन अधिक लागू पडे, आणि भरपूर स्निग्ध आहार देऊनही ते लठ्ठ होईनात. औषध आता हाताशी आलेच, असा गवगवा झाला. परंतु या विकराच्या खाचेत चपखल बसणारे रेणू बहुधा इतके विद्युत्‌भारित असतात की पेशीचे आवरणच त्यांना आत येऊ देत नाही. शिवाय टीसीपीटीपी नावाचे त्याचे जवळजवळ जुळे भावंड आहे, आणि ते नसलेले उंदीर जन्मानंतर काही आठवड्यांतच दगावतात. एकाला गाठावे आणि दुसऱ्याला धक्काही लागू नये, हे रसायनज्ञांना फार जड गेले.

गंमत अशी, की २०२३ साली ‘नेचर’मध्ये ज्या रेणूचा वृत्तांत आला, तो या दोघांनाही मुद्दाम एकदम रोखतो, मात्र त्याचा रोख मधुमेहावर नसून कर्करोगाविरुद्ध प्रतिकारशक्ती जागविण्यावर आहे. तेव्हा पृच्छक महाशयांनी उंदरांच्या भाग्याचा हेवा खुशाल करावा, पण डॉक्टरांनी दिलेली गोळी आणि सकाळचा फेरफटका चुकवू नये.