दोन दप्तरांमधील दुवा

वैद्यकीय संशोधनाचा पसारा केवढा वाढला आहे, याची कल्पना ज्यास करावयाची असेल त्याने अमेरिकेतील बेथेस्डा येथील राष्ट्रीय वैद्यकग्रंथालयाची फेरिस्त पाहावी. जॉन शॉ बिलिंग्ज यांनी 1879 साली छापील ‘इंडेक्स मेडिकस’च्या रूपाने जिचा पाया घातला, तीच 1971 पासून ‘मेडलाइन’ या नावाने संगणकावर उपलब्ध झाली, आणि आज तीत कोट्यवधी निबंधांची नोंद आहे. एवढे वाचणे कोणासच साध्य नसल्यामुळे प्रत्येक विशेषज्ञ आपल्या शाखेपुरते वाचतो, व शेजारच्या शाखेस ठाऊक असलेली गोष्ट त्याच्या कानी येतच नाही.

मूळचे पदार्थविज्ञानाचे अभ्यासक, आणि पुढे शिकागो विद्यापीठात ग्रंथालयशास्त्राचे प्राध्यापक झालेले डॉन स्वान्सन यांनी ह्या अपरिचयाकडेच लक्ष वळविले. थंडीने बोटे पांढरी-निळी पडतात त्या रेनोच्या विकारात रक्त दाट होते, असे काही निबंध सांगत होते. माशाच्या तेलाने रक्ताचा दाटपणा उतरतो, असे दुसरे निबंध सांगत होते. परंतु हे दोन गट परस्परांचा दाखला क्वचितच देत. दोहोंची सांगड घालून ह्या तेलाचा रेनोच्या रुग्णांस उपयोग व्हावा, असे अनुमान त्यांनी 1986 साली प्रसिद्ध केले, आणि 1988 मध्ये अर्धशिशी व मॅग्नेशियम यांच्यातील अकरा दुर्लक्षित दुवे पुढे आणले.

नील स्मॉलहायझर यांच्या साहाय्याने रचलेला त्यांचा ‘ॲरोस्मिथ’ हा प्रोग्राम पाहिला तर त्यात गूढ असे काही नाही: दोन विषयांवरील निबंधांची शीर्षके घ्यावयाची, दोहींत समान असलेले शब्द वेचावयाचे, ‘रुग्ण’, ‘उपचार’ यांसारखे सर्वत्र आढळणारे शब्द बाद करावयाचे, आणि उरलेली यादी जाणकारापुढे ठेवावयाची. हीच माहिती अलीकडे नकाशारूपाने काढतात. संज्ञा म्हणजे बिंदू, एकाच निबंधातील त्यांचा सहवास म्हणजे रेषा, आणि जितक्या नोंदी तितका बिंदू मोठा व रेषा जाड. दोन दाट पुंजक्यांमधील रिकामी जागा यादीत नजरेतून निसटते, ती येथे चटकन नजरेत भरते, हा त्याचा खरा लाभ. मात्र मोठा बिंदू पुष्कळदा त्या विषयाच्या महत्त्वाचा नसून केवळ त्याच्या चलतीचा निदर्शक असतो, आणि चित्र जितके देखणे तितका हा विसर पडण्याचा संभव अधिक, असे मला वाटते.

अनुमानाची रुजुवात अखेर रुग्णांवरच व्हावी लागते. 1989 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रेनोच्या 32 रुग्णांपैकी काहींस माशाचे तेल व इतरांस ऑलिव्हचे तेल दिले गेले. ज्यांचा रेनो स्वतंत्र विकार होता त्यांना माशाच्या तेलाने थंडी अधिक वेळ सोसता आली, पण ज्यांना तो अन्य व्याधीमुळे जडला होता त्यांच्यात तसा गुण आढळला नाही.