सायकलची पॅडवाली चड्डी: घेण्याआधी आणि घातल्यावर

पावसाळा सरल्यावर आमच्या वस्तीतली चार पोरं येरवड्याहून कार्ल्याच्या लेण्यांपर्यंत सायकलने जाऊन आली. जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटर. लेण्यांसमोरचे फोटो सगळ्या वस्तीने पाहिले, कौतुक झालं. पाचव्या दिवशी त्यातल्या एकाची आई आमच्याकडे आली. पोरगा बसत नाही, पालथा झोपतो, विचारलं तर भिंतीकडे तोंड करतो. घरी जाऊन पाहिलं तर मांडीच्या मुळाशी सुपारीएवढं गळू, लालबुंद, आणि अंगात ताप. त्याने आधी त्यावर टूथपेस्ट लावली होती, मग मित्राकडचं खाजेचं मलम. शेवटी चीर देऊन पू काढावा लागला. सव्वाशे किलोमीटर तो जीन्स घालून बसला होता, आत साधी कॉटनची चड्डी.

आता तोच विचारतो, "सिस्टर, ती पॅडवाली चड्डी कुठली घेऊ?" त्याच्यासारखी लांब पल्ल्याची हौस असलेली पोरं-पोरी आता प्रत्येक वस्तीत आहेत, आणि दिवसभर सायकलवरून घरोघर डबे-पार्सलं पोचवणारेही आहेत. म्हणून त्याला दिलेलं उत्तर सगळ्यांसाठी लिहितो आहोत.

आधी दुखतं कशामुळे ते पाहू. कडक बाकावर बसा आणि दोन्ही तळहात बुडाखाली घाला. दोन टोकदार हाडं हाताला लागतील. सायकलच्या सीटवर आपलं बरंचसं वजन या दोन हाडांवर येतं. हाड आणि सीट यांच्यामध्ये चिमटलेल्या कातडीला रक्त नीट पोचत नाही. वॉर्डात अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची कूस आम्ही दर दोन तासांनी बदलायचो, ती याच कारणाने. तसं केलं नाही तर माकडहाडावर जखम होते. सायकलवर दाबाच्या जोडीला घासणंही आहे. मिनिटाला 80 वेळा पाय फिरले तर पाच तासांत 24 हजार वेळा फिरतात, आणि तितक्या वेळा जांघेची कातडी कापडावर घासते. वर घाम. ओली कातडी मऊ पडते, लवकर सोलते, आणि केसांच्या मुळांतून जंतू आत शिरतात. जीन्सची जाड शिवण तर नेमकी बसायच्या जागी येते. कॉटन घाम पितं आणि धरून ठेवतं.

पॅडवाली चड्डी या तिन्हींवर थोडा थोडा उपाय करते. अंगाला घट्ट बसणारं ताणाचं कापड कातडीबरोबर हलतं, म्हणून घासणं कमी होतं. पॅडचं वरचं कापड घाम वर ओढून घेतं. आतला फोम दाब पसरवतो. पूर्वीचे शर्यतवाले लोकरीच्या चड्डीत मऊ चामड्याचा तुकडा शिवून घ्यायचे. त्या चामड्याचं 'शॅमी' हे नाव दुकानात आजही पॅडला वापरतात, चामडं मात्र कधीच गेलं.

दुकानात गेल्यावर पॅड किती जाड आहे ते पाहून भुलू नका. आपल्याकडे सगळे तिथेच फसतात. जाड, लुसलुशीत स्पंज हाताला छान लागतो, पण तासाभरात चपटा होतो आणि जांघेत गोळा होऊन उलटा घासतो. बैठकीची हाडं टेकतात त्या जागी अंगठ्याने जोरात दाबा. अंगठा थेट पलीकडच्या बोटाला टेकला तर ती चड्डी लांबच्या पल्ल्याला कामाची नाही. फोम घट्ट हवा, दाबलं की हळू दबणारा आणि सोडलं की परत येणारा. चांगल्या पॅडमध्ये हाडांखाली जाड आणि कडेला पातळ होत जाणारा फोम असतो. सगळीकडे एकसारखी जाडी म्हणजे स्वस्तातलं काम.

मग आतून हात फिरवा. पॅडच्या मधोमध शिवण नको. कडेची शिवण बोटाला टोचली तर कातडीला हजारपट टोचेल. मांडीच्या आतल्या बाजूची शिवण सपाट हवी.

माप नेहमीच्या पँटपेक्षा घट्टच घ्या. ढिली चड्डी घेतली तर पॅड सरकतं, मग पॅडचा उपयोग उरत नाही. आरशासमोर ताठ उभं राहिलात तर चड्डी पुढून ओढल्यासारखी आणि मागे पॅड लोंबल्यासारखं वाटेल. त्यावरून ठरवू नका. हँडल धरल्यासारखं कमरेतून वाका, मग पॅड जागेवर येतं का ते बघा. मांडीच्या कडेला रबर रुतून लाल वळ उठत असेल तर एक माप मोठं घ्या. कमरेचं इलॅस्टिक पोटात रुतणाऱ्यांसाठी खांद्यावरून पट्टे असलेली बिब नावाची जात मिळते. ती सरकत नाही, पण बाईमाणसाला लघवीला जाताना वरचे सगळे कपडे उतरवावे लागतात. रस्त्यात संडासाची सोय कशी असते ते आपल्याला माहीत आहे. मुलींनी साधी कमरेचीच घ्यावी असं आमचं मत.

मुलींसाठी वेगळी चड्डी ही दुकानदाराची चलाखी नव्हे. बायकांच्या बैठकीच्या हाडांमधलं अंतर सहसा जास्त असतं, त्यामुळे पॅड मागे रुंद लागतं. भावाची चड्डी घालून निघाली तर हाडं फोमच्या बाहेर टेकतील. स्वतःचं अंतर घरीच मोजता येतं. खोक्याचा नालीदार पुठ्ठा कडक पाटावर ठेवा, पातळ कपड्यात त्यावर बसा, थोडं पुढे वाका, मग उठा. दोन खळगे पडलेले दिसतील. एका खळग्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत पट्टीने मोजा. पॅडचे जाड भाग तेवढ्या अंतरावर येतात का, ते दुकानात बघायचं.

आणि आता ज्यावर आमच्याशी सगळ्यात जास्त वाद होतो ते. पॅडवाल्या चड्डीच्या आत दुसरी चड्डी घालायची नाही. मुलांनीही नाही, मुलींनीही नाही. आत निकर घातली की तीच शिवण, तोच घाम धरणारा कपडा परत कातडीला लागला, मग पैसे फुकट गेले. लाज वाटत असेल तर वरून सैल ट्रॅकपँट किंवा हाफपँट घाला. मुलींनी सायकल चालवली की वस्ती आधी कपड्यांवर बोलते. वरून लांब कुर्ता घाला, ट्रॅकपँट घाला, पण आतली चड्डी नीट असू द्या.

पाळीच्या दिवसांत चिकटवायचं पॅड या चड्डीत नीट बसत नाही, सरकतं आणि कडेने सोलतं. कप वापरता येत असेल तर उत्तम. नसेल तर त्या दिवशी पातळ निकर घालून जवळचा पल्ला करावा, लांबचा दोन दिवसांनी. आणि संडास मिळणार नाही म्हणून पाणीच न पिणं सोडा. आमच्याकडे लघवीच्या जळजळीच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या कितीतरी पोरी दिवसभर पाणी न पिणाऱ्या असतात. निघण्याआधी वाटेतले पेट्रोल पंप, एसटी स्टँड हेरून ठेवा.

चड्डी घेतली म्हणजे सीट विसरायची असं नाही. खरं तर सीटची उंची आधी, चड्डी नंतर, कारण उंचीला पैसे लागत नाहीत. सीटवर बसा, टाच पॅडलवर ठेवा, पॅडल सगळ्यात खाली न्या. गुडघा सरळ व्हायला हवा, पण कंबर एका बाजूला कलायला नको. सीट फार उंच असेल तर प्रत्येक फेरीला बूड डावी-उजवीकडे घसरतं आणि सोलतं. सीटचं नाक वर आलेलं नको, जमिनीला समांतर ठेवा. मऊ जेलचं कव्हर अर्ध्या तासाला बरं वाटतं, पण लांबच्या पल्ल्यात हाडं त्यात बुडतात आणि मधल्या नाजूक भागावर दाब येतो. आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी पॅडलवर उभं राहून वीस-तीस सेकंद बूड उचला. वॉर्डातली कूस बदलणं ते हेच.

जांघेत, लिंगाला किंवा योनीच्या बाहेरच्या भागाला मुंग्या आल्या, बधिर वाटलं, तर दात-ओठ खाऊन पुढे जाऊ नका. तिथली नस दबते आहे. उतरा, चाला, सीट तपासा. उतरल्यावरही बधिरपणा टिकला, पुन्हा पुन्हा आला, तर सायकल बंद करून डॉक्टरांना दाखवा. पोरं हे मित्रालाही सांगत नाहीत, म्हणून इथे स्पष्ट लिहिलं.

घरी आल्यावर चड्डी अंगावर ठेवून चहा पीत, फोटो टाकत बसू नका. आधी उतरवा, साबणाने अंग धुवा, जांघ कोरडी पुसा. एकदा घातलेली चड्डी न धुता परत घालायची नाही. आपल्याकडे नळाला पाणी तासभर, म्हणून अंघोळीच्या वेळीच अर्ध्या बादलीत धुऊन टाका. साबण साधा, पण खळखळून निघेपर्यंत. उरलेला साबण घामात विरघळून खाज आणतो. ब्लीच नको, कपडे मऊ करणारं औषध नको, इस्त्री तर नकोच. पॅड पिळू नका, फोम फाटतो. टॉवेलात गुंडाळून दाबा, मग उलटी करून, पॅड वर ठेवून वाऱ्यावर वाळवा. दहा बाय दहाच्या खोलीत पावसाळ्यात पॅड रात्रभरात वाळत नाही. दमट पॅड म्हणजे बुरशीची शेती. रोज चालवणाऱ्याला दोन चड्ड्या लागतातच. एकच असेल तर एक दिवसाआड चालवा. आणि मित्राची मागून घालायची नाही, बाजारातली वापरलेली घ्यायची नाही. गजकर्ण असंच घरोघर फिरतं.

जांघेला निघण्याआधी व्हॅसलिनचा पातळ हात लावला तरी घासणं कमी होतं, फक्त पॅड मग नीट धुवावं लागतं. खाज आली म्हणून मेडिकलमधून खाजेची ट्यूब मात्र आणू नका. त्यातल्या बऱ्याच ट्यूबांत स्टेरॉइड असतं. दोन दिवस आराम पडतो, आतली बुरशी पसरते, कातडी पातळ होते. स्टेरॉइडची अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम 2018 साली झाला, तरी ती काउंटरवरून मिळतात.

नुसतं लाल झालं, थोडं सोललं, तर दोन-तीन दिवस सायकल बंद, जागा स्वच्छ आणि कोरडी. फोड आला तर कोमट पाण्यात बुडवून पिळलेल्या स्वच्छ फडक्याने दहा-पंधरा मिनिटं शेका, दिवसातून तीन-चार वेळा. फोड पिळायचा नाही, सुईने टोचायचा नाही. गाठ वाढली, ताप आला, लाली पसरली तर दवाखाना. साखरेचा आजार असेल तर फोड लहान असतानाच दाखवा. दुखणं तासातासाने वाढतंय, कातडी काळी पडतेय, घाण वास येतोय, असं झालं तर रात्र असली तरी मोठं हॉस्पिटल गाठा. तिथे लाजेपायी सकाळची वाट पाहिली तर जीव जाऊ शकतो.

ही चड्डी सगळ्यांना लागते का? नाही. कामावर वीस मिनिटं जायला-यायला, तेही जुन्या काळ्या सायकलच्या स्प्रिंगच्या रुंद सीटवर ताठ बसून, काही गरज नाही. तासाभराच्या वर सलग बसणाऱ्याला लागते. ब्रेव्हे नावाच्या राइडमध्ये 200 किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायचे असतात. तिकडे जायची स्वप्नं बघणाऱ्याने आधी चड्डीचे पैसे बाजूला काढावेत, भारी हेल्मेट-लाइट असलेल्या टी-शर्टचे नंतर. हेल्मेट अर्थात आधीच.

त्या पोराची जखम अजून भरायची आहे. ड्रेसिंगला एक दिवसाआड येतो. चड्डी त्याने घेतली, आईने ती उलटी करून दोरीवर वाळत घातली, आणि शेजारणीने विचारलं की ही उशी कसली. जखम भरली की पहिल्या आठवड्यात दहा किलोमीटरच्या वर जायचं नाही, असं आम्ही त्याला सांगितलं आहे. तो पंधरावर घासाघीस करतो आहे.