नाडीवर बोट, फोनवर नजर

बाजाराच्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओट्यावरची रांग फाटकापर्यंत जाते. सुकी मासळी घ्यायला आलेला माणूस त्याच फेरीत गुडघेही दाखवून जातो. कोकणातल्या अशा एका केंद्रात, ओपीडीत डॉक्टरांच्या टेबलाशेजारी मी बसलो होतो. सपाटीवर ३० हजार आणि डोंगराळ किंवा आदिवासी मुलखात २० हजार लोकांमागे असं एक केंद्र असावं, असा नियम आहे. आसपासच्या वाड्यांना दुसरा फॅमिली डॉक्टर नाही. खुर्चीवर बसलेल्या मॅडम, त्याच सगळ्यांच्या.

स्टुलावर आजी टेकल्या. मॅडमनी दंडाला पट्टा बांधला, फुगा दाबला, तेवढ्यात फोन थरथरला. तालुक्याच्या ग्रुपवर निरोप होता : कालच्या लसीकरणाची माहिती तात्काळ भरावी. तो वाचेपर्यंत वरचा आकडा निसटला. पट्टा पुन्हा फुगवला.

"आजी, गोळी रोज घेता ना?"

"घेते की."

केसपेपरवर औषध लिहून झालं, पुढचा माणूस बसला. बाहेर चपला घालताना आजी शेजारणीला सांगत होत्या, "अर्धी मी घेते, अर्धी ह्यांना देते. ह्यांचंपण डोकं गरगरतं." आत आणखी एक प्रश्न विचारला गेला असता तर हे तिथेच कळलं असतं. चहाच्या वेळी मी मॅडमना सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "शंका आली होती मला. विचारायचं राहिलं." असं दिवसभरात किती राहतं, याचा हिशेब त्या रात्री अंथरुणावर करतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली बर्नआउटची व्याख्या केली. तो आजार नाही, कामातून येणारी अवस्था आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. अंगातलं बळ संपतं, कामावरून मन उडतं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटू लागतं. यातली तिसरी खूण मला सर्वांत क्रूर वाटते. कष्टाला भिणारी माणसं मुळात इथे येत नाहीत. रोज अर्धवट राहिलेल्या कामाची बोच त्यांना पोखरते.

गरोदर बाईची नोंद रजिस्टरमध्ये होते, तीच पोर्टलवर, आणि तिचाच आकडा महिनाअखेरच्या अहवालात. क्षयरोगी सापडला की 'निक्षय' या पोर्टलवर त्याचं नाव आणि बँकखातं चढवायचं. ते राहिलं तर त्याच्या पोषणाचे पैसे अडतात. ही कामं फालतू मुळीच नाहीत. पण ती तपासणीच्या वेळातून कापून काढलेली असतात. औषधाचा साठा संपला तर रुग्णांचं ऐकून घ्यायचं मॅडमनी. मागणी मंजूर करायचा अधिकार वर कुठेतरी.

दुपारी पोलीस आले. विहिरीत बुडालेल्या तरुणाचं शव आणलं होतं. खेड्यात शवविच्छेदनही याच डॉक्टरांना करावं लागतं. रांग जागेवर थांबली, मॅडम मागच्या खोलीत गेल्या. परत आल्या त्या हात धुऊन थेट पहिलटकरणीच्या खाटेशी. "बाळ हलतं ना गं?" मधे पाच मिनिटं शांत बसायला जागाही नव्हती नि सवडही, रांगेतून "डॉक्टर गेल्या कुठे?" सुरू झालंच होतं. त्या अहवालावरून कधीतरी न्यायालयाचं समन्स येईल, बदली होऊन त्या दुसऱ्या जिल्ह्यात असल्या तरी.

दुसऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्याची जागा रिकामी आहे. म्हणून रात्रीची बाळंतपणं, साप, विंचू हेही त्यांच्याकडेच. क्वार्टर आवारातच असल्यामुळे दार कधीही वाजतं, आणि सकाळी ओपीडी ठरल्या वेळी उघडावी लागते.

अशाच एका केंद्रात, महाडजवळच्या बिरवाडीला, १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. विंचूदंशाची माणसं डोळ्यांदेखत दगावत होती. ते त्यांच्या उशाशी बसून राहत. नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांच्या नोंदी ठेवत. पुढे त्यांनी प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर वापरलं, आणि तो अनुभव १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. असंख्य जीव त्याने वाचले. लिहीत तेही होते, पण समोरच्या माणसाविषयी. आजच्या मॅडमना तसं बसायचं झालं तर कुठला तास उरला आहे, हे त्यांच्या दिनक्रमात मी शोधून पाहिलं. मला सापडला नाही.

मॅडम सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झाल्या आहेत, बॉण्डचं वर्ष पुरं करताहेत. पुढे पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा देणार. "इथेच राहिले असते," असं म्हणाल्या, आणि लगेच पुढच्या केसपेपरकडे वळल्या. तालुक्याच्या बैठकीत त्यांनी एकच मागणी मांडली होती : ओपीडी संपेपर्यंत ग्रुपवर माहिती मागू नका. दुसरा डॉक्टर नेमायला जाहिरात, मुलाखती, मंजुऱ्या लागतात, हे मी समजू शकतो. या मागणीला मात्र तालुक्याच्या कचेरीतून एक सूचना निघाली तरी पुरे, आणि ती याच आठवड्यात निघायला हवी.