लॅक्टेट चढतंय की उतरतंय?
अतिदक्षता विभागाच्या दाराशी : लेखांक ६

बडोद्याच्या सर सयाजीराव जनरल रुग्णालयात, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या ‘एसएसजी’त, छोटा उदेपूर, पंचमहाल, दाहोदकडूनही रुग्ण येतात. इतक्या लांबून येणाऱ्या जंतुसंसर्गाच्या रुग्णाचा बराच मोलाचा वेळ वाटेतच गेलेला असतो. त्याची प्रकृती नेमकी किती खालावली आहे, हे लवकर सांगणारी एक तपासणी म्हणजे रक्तातलं लॅक्टेट.

पेशींना प्राणवायू पुरेसा मिळाला नाही की साखरेचं ज्वलन अर्धवट राहतं आणि लॅक्टेट साठतं. १८४३ साली जर्मन वैद्य योहान शेरर यांनी बाळंतज्वरानं मेलेल्या स्त्रियांच्या रक्तात लॅक्टिक आम्ल आढळल्याची नोंद केली, तेव्हापासून हा धागा वैद्यकाच्या हाती आहे. लॅक्टेट एरवी लिटरमागे २ मिलिमोलच्या आत असतं. पुरेसं सलाईन देऊनही रक्तदाब टिकवायला औषध लागत असेल आणि लॅक्टेट २ च्या वर असेल, तर २०१६च्या व्याख्येनुसार तो सेप्टिक शॉक. अशा शंभर रुग्णांपैकी चाळीसहून अधिक दगावतात.

नातेवाईक हा आकडा ऐकतात आणि खचतात. पण तो शंभर जणांबद्दल बोलतो, तुमच्या वडिलांबद्दल नाही. शिवाय लॅक्टेट केवळ प्राणवायूच्या अभावानंच वाढतं असं नाही. अॅड्रिनॅलिनचं इंजेक्शन, नुकतीच आलेली फिट, बिघडलेलं यकृत यांनीही ते चढतं. नमुना प्रयोगशाळेत उशिरा पोचला तर नळीतल्या तांबड्या पेशीही लॅक्टेट तयार करत राहतात. म्हणून एका आकड्यावर भवितव्य ठरवणं मला चूक वाटतं. काही तासांनी पुन्हा तपासल्यावर तो उतरला का, यातून जास्त कळतं.

जंतुसंसर्गात रक्तात वाढणाऱ्या प्रोकॅल्सिटोनिनच्या तपासणीचं काम थोडं वेगळं. रुग्ण वाचेल का हे ते फारसं खात्रीनं सांगत नाही, पण ते सर्वोच्च पातळीपासून ८० टक्के उतरलं तर अँटिबायोटिक थांबवण्याचा निर्णय डॉक्टरांना सोपा जातो. औषधांना दाद न देणारे जंतू आपल्याकडे इतके वाढले असताना हा उपयोग लहान नाही.

आणि सगळंच प्रयोगशाळेतून कळतं असंही नाही. दक्षिण अमेरिकेतल्या पाच देशांत ४२४ रुग्णांवर झालेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाचे उपचार लॅक्टेट पाहून ठरवले, तर दुसऱ्या गटाचे बोट दाबून रंग किती वेळात परततो ते पाहून. २८ दिवसांत पहिल्या गटात ४३.४ टक्के, तर दुसऱ्यात ३४.९ टक्के रुग्ण दगावले. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर थोडक्यात निसटला, तरी डोळ्यांनी आणि हातांनी केलेली तपासणी यंत्राच्या मागे पडली नाही, हे नक्की.

तुमचं माणूस आत असेल तर डॉक्टरांना ‘रिपोर्ट कसा आहे?’ एवढंच विचारून थांबू नका. सकाळी लॅक्टेट किती होतं, आता किती आहे, लघवी होते आहे का, रक्तदाबाचं औषध कमी करता आलं का, हे विचारा. ते विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.