ओहोटीची वाट

गुहागर तालुक्यातल्या एका वाडीवरून मागच्या महिन्यात फोन आला. बोलणारी खारव्यांच्या घरची. कालवं काढून तिने मुलं शिकवली. "बाई, घळीकडची वाट बंद केलान. शिमिट टाकलान सगळीकडं," एवढंच म्हणाली आणि मग माझ्या गुडघ्यांची चौकशी करत राहिली. संध्याकाळी तिच्या मुलाने फोटो पाठवले. ओहोटीला उघडा पडणारा कातळाचा पट्टा भरावाखाली गेलेला, भरावावर काँक्रीट, त्याला रंगवलेला कठडा आणि समोर फोटो काढण्यासाठी गावाच्या नावाची मोठी अक्षरं. गावाचं नाव मी लिहीत नाही. असे फोटो आता रेवदंड्यापासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठूनही येऊ शकतात.

निवृत्तीनंतर मी म्हैसूरजवळ वरुणा इथे मुलीकडे राहते. इथला तलाव मोठा आहे, सकाळी काठाने चालायला मोकळं वाटतं. पण कोणत्या वेळी निघावं हे त्या पाण्याला विचारावं लागत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात भूगोल शिकवण्यात माझी नोकरी झाली आणि त्यातलं नव्वदचं दशक बरंचसं समुद्राच्या कडेने पायी गेलं. तिथे निघण्याची वेळ समुद्र ठरवत असे.

त्याआधीच्या दशकाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. बॅरिस्टर अंतुले १९८० ते १९८२ या काळात मुख्यमंत्री होते, तेव्हा रेवस ते रेड्डी अशा सागरी महामार्गाची कल्पना पुढे आली आणि नंतर बराच काळ ती कागदावरच फिरत राहिली. सभांमधून एकच घोषणा ऐकू यायची: कोकणचा कॅलिफोर्निया करू. त्या घोषणेचा राग माझ्या मनात अजून आहे आणि तो आज सांगून टाकते. ज्या कॅलिफोर्नियाचं नाव घेऊन मतं मागितली गेली, त्या राज्यात १९७२ साली लोकांनी मतदान करून किनाऱ्याच्या रक्षणासाठी आयोग नेमायला लावला आणि १९७६ साली तिथे किनारा कायदा झाला. समुद्रापर्यंत पोचण्याचा आणि किनाऱ्याने चालण्याचा सर्वसामान्य माणसाचा हक्क हा त्या कायद्याचा गाभा आहे. आपल्याकडे कॅलिफोर्नियातून हॉटेलं आणि रस्ते यायचे होते. हा हक्क आणायचं कुणी नाव काढलं नाही.

१९९१ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारची किनारा नियमन अधिसूचना आली. भरतीरेषेपासून ५०० मीटरांचा पट्टा नियमाखाली आला. गावात तिची ओळख 'घर बांधू देत नाहीत तो कायदा' एवढीच झाली. आम्ही काही शिक्षक आणि आमचे विद्यार्थी मात्र त्याच सुमाराला तो पट्टा पायांनी पाहायला निघालो.

नकाशा म्हणाल तर हातात काहीच नव्हतं. किनारपट्टीचे सर्व्हेचे तपशीलवार नकाशे तेव्हा सामान्य माणसाला सहज मिळत नसत. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर ते खुले झाले. त्यामुळे वाट विचारायची ती माणसांना, आणि माणसं आधी आम्हालाच विचारायची, "आज तिथ काय?" तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हे गणित मला पदवीच्या कुठल्याही पुस्तकाने शिकवलं नव्हतं. एकादशी असेल तर अकराची पाऊणपट सव्वाआठ. सव्वाआठला भरती, म्हणजे दुपारी अडीचच्या आसपास पुरती ओहोटी. अर्ध्या तासाचा फरक इकडेतिकडे. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतंही. अष्टमीला भांग, तेव्हा कातळ पुरता उघडतच नाही. माझे विद्यार्थी हे आठवड्यात शिकले आणि जन्मभर विसरले नसतील.

कोकणच्या किनाऱ्याची घडण समजली की ही वाट समजते. खाली साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा कातळ, वर जांभ्याचा सडा. सडा ठिकठिकाणी समुद्रात नाकासारखा घुसतो आणि दोन नाकांच्या मध्ये पुळण साचते. म्हणून एका पुळणीवरून दुसरीवर जायला दोन वाटा असतात. एक भरतीची: पाखाडी चढून सड्यावर, उन्हातून पलीकडे, पुन्हा पाखाडी उतरून खाली. दुसरी ओहोटीची: नाकाला खालून वळसा घालत, ओल्या कातळावरून. पहिली गुरं राखणाऱ्यांनी पाडलेली, दुसरी कालवं आणि शिंपले काढणाऱ्या बायकांनी. कुठला खडक शेवाळलेला, कुठल्या खाचेत लाट मागून येते, कुठून परत फिरायचं, हे सगळं त्यांच्याकडे होतं. जवळजवळ प्रत्येक मोठ्या खडकाला त्यांनी दिलेलं नाव होतं. त्यातलं कुठलंच कागदावर नव्हतं.

आमची सगळ्यात आवडती चाल दाभोळच्या खाडीपासून जयगडच्या खाडीपर्यंतची. दाभोळहून तरीने अलीकडे यायचं. अंजनवेलच्या बाजूला वीज प्रकल्पाचं काम त्याच दशकात सुरू झालं, आंदोलनं झाली, सरकारं बदलली. त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. त्याच्या दक्षिणेला गुहागरची लांबलचक सरळ पुळण, मग असगोली, पालशेत. पालशेतजवळच्या सुसरोंडीच्या गुहेत डेक्कन कॉलेजच्या अशोक मराठे यांना पुढे अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारं सापडली. पुढे बुधलचा सडा, वेळणेश्वर आणि मग हेदवी.

हेदवीला दशभुज गणपती पाहून परतणारे लोक पुष्कळ. खाली पुळणीच्या टोकाला उमामहेश्वराच्या देवळाशेजारी बामणघळ आहे. काळ्या कातळातली अरुंद, खोल भेग लाटांनी कोरत आत नेलेली. भरतीच्या वेळी लाट आत शिरते, मागे जायला जागा नसते, आणि पाणी घळीच्या तोंडातून उंच उसळतं. आवाज आधी पायांना कळतो, मग कानांना. आम्ही तिथे दोनदा थांबायचो: ओहोटीला घळीच्या भिंती आणि तिच्या दिशेने धावणाऱ्या भेगा वहीत काढायला, भरतीला लांब बसून नुसतं पाहायला. एकाच जागी सहा तास थांबल्याशिवाय बामणघळ कळत नाही. आज तिथे येणारी गाडी दहा मिनिटांत वळते. भरती नसली तर 'काहीच नाही इथे' म्हणून वळते, आणि भरती असली तर माणसं नको तितकी पुढे जातात.

उत्तरेला हरिहरेश्वरची प्रदक्षिणा हा असाच वर्ग. दोन कड्यांमधल्या पायऱ्या उतरून खाली आलं की लाटांनी कापलेला सपाट ओटा दिसतो, कड्याच्या पायथ्याशी आत गेलेली खाच दिसते आणि खडकभर मधाच्या पोळ्यासारखी जाळी. खारं पाणी खडकाच्या छिद्रांत सुकतं, मिठाचे स्फटिक वाढतात, कण सुटतात आणि जाळी पडते. पाठ्यपुस्तकातली चार प्रकरणं एका प्रदक्षिणेत. भरती लागली की हा मार्ग बंद, आणि ते न मानल्यामुळे तिथे माणसं बुडाली आहेत. दक्षिणेला राजापूर तालुक्यात कशेळीची देवघळी. कनकादित्याची मूर्ती तिथल्या गुहेत मिळाली असं गाव सांगतं. सड्याच्या कडेवरून खाली पाहिलं की त्या कथेला एवढी मोठी घळ का लागली असेल हे पटतं. त्याच कशेळीच्या सड्यावर हत्तीचं प्रचंड कातळशिल्प आहे. नव्वदच्या दशकात आम्ही त्या सड्यावरून चाललो, तेव्हा बाहेरच्या जगाला त्याची काही खबर नव्हती. पुढे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी पायी सडे धुंडाळून, गुराख्यांना विचारून ती शिल्पं एकेक करून उजेडात आणली. २०२२ साली कोकण-गोव्यातली नऊ कातळशिल्प-स्थळं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, त्यातली सात एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातली. चालणाऱ्या माणसांनी मिळवलेलं एवढं मोठं यश कोकणात दुसरं नाही.

१९९३ ने आमच्या चालण्यावर सावट आणलं. मुंबईच्या स्फोटांसाठीचं आरडीएक्स रायगडातल्या शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरलं होतं. त्यानंतर पाठीवर पिशवी घेऊन खडकांतून येणारा माणूस संशयाचा झाला. दोनचार ठिकाणी आम्हाला बसवून ठेवलं गेलं. त्यात गैर काही नव्हतं. वाईट याचं वाटतं की ज्या बायका आणि मच्छीमार तो किनारा रोज पाहत होते, त्यांचं ज्ञान तेव्हाही कुणाला मोलाचं वाटलं नाही.

दुसरी तक्रार आपल्याच मंडळींविषयी. पुण्या-मुंबईच्या गिरिभ्रमण संस्थांनी त्या वर्षांत सह्याद्रीचे घाट आणि सुळके पिंजून काढले, नोंदी ठेवल्या, पुस्तकं काढली. किनारा त्यांनी किल्ल्यापुरता पाहिला: सुवर्णदुर्ग, जयगड, विजयदुर्ग. मधलं अंतर एसटीने. "चढाई नाही, मग त्यात ट्रेक कसला?" असं मला एका संमेलनात तोंडावर सांगितलं गेलं. ओल्या कातळावर पाच तास पाय रोवत, पाणी फिरायच्या आत पलीकडे पोचायला जे लागतं त्याला काय म्हणायचं, हे त्यांनी सांगावं. त्यांनी तेव्हा नोंदी केल्या असत्या, तर आज काँक्रीट अडवायला निदान एखादा जुना नकाशा दाखवता आला असता.

२६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे सलग सुरू झाली. २००३ मध्ये दाभोळच्या खाडीवर गाड्या नेणारी फेरीबोट आली, मग इतर खाड्यांवर. नंतरची वीसेक वर्षं मासिकांतून राहण्याच्या आणि जेवणाच्या जागांची वर्णनं वाचण्यात गेली. समुद्र त्यांत खिडकीतून दिसायचा.

आता महामार्ग खरोखर येतो आहे. आगरदांडा, बाणकोट, दाभोळ, जयगड अशा खाड्यांवरच्या पुलांची कामं निघाली आहेत. पूल व्हायलाच हवेत. रात्री बाळंतीण घेऊन तरीची वाट पाहिलेल्या गावांना मी वेगळं काही सांगणार नाही. पण ज्या बांधकामांना 'पर्यटन विकास' म्हणतात ती पुलाइतकी गरजेची नाहीत. घळ, खाच, जाळीचा खडक, लाटांनी कापलेला ओटा हाच तर तिथला ठेवा आहे; त्यालाच बुजवून त्याच्यावर उभं राहायला जागा करायची, हे मला कुठल्याही हिशेबाने पटत नाही.

इथे कर्नाटकात आल्यावर उडुपीजवळच्या मालप्याहून होडीने सेंट मेरी बेटांवर गेले. मादागास्कर भारतापासून तुटला त्या वेळच्या लाव्ह्याचे बहुकोनी खांब तिथे उभे आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने ती बेटं राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जाहीर केली आहेत. महाराष्ट्रात हा मान लोणारच्या सरोवराला आहे. बामणघळीला नाही, हरिहरेश्वरच्या कड्याला नाही, देवघळीला नाही. भूवारसा जपण्यासाठी केंद्राने २०२२ मध्ये विधेयकाचा मसुदा काढला होता, त्याचा कायदा झालेला नाही. वेल्सने २०१२ साली आपल्या संपूर्ण किनाऱ्याला लागून सुमारे १४०० किलोमीटरची पायवाट खुली केली. महाराष्ट्राचा किनारा सुमारे ७२० किलोमीटरचा आहे, आणि त्याची ओहोटीची वाट बायकांनी आधीच पाडून ठेवलेली आहे. ती फक्त नोंदवायची आणि बुजवू द्यायची नाही.

म्हणून किनाऱ्यावर ज्यांचं गाव आहे त्यांना एक विनंती. गणपतीला किंवा शिमग्याला घरी जाल, तेव्हा कालवं काढणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्या बाईबरोबर ओहोटीला चालून या. खडकांची नावं तिच्या तोंडून लिहून घ्या, वाट मोबाइलवर नोंदवा. मग येत्या ग्रामसभेत ठराव मांडा: ही वाट गावाची आहे, तिच्यावर भराव टाकायचा नाही. ठरावाची प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.