परदेशी सुनेचा मुक्काम आणि चाळीतली भाडेपावती

लालबाग-परळच्या चाळीत परदेशी सून आली की कौतुक होतं तिच्या नऊवारीचं आणि तिने वळलेल्या मोदकांचं. सरकारदरबारी विचारणा वेगळीच: नवरा-बायको खरोखर एकत्र राहतात का, आणि कोणत्या पत्त्यावर?

भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदाराला इथे राहण्यासाठी ‘एक्स-२’ व्हिसा असतो. त्याची मुदत ‘एफआरआरओ’ हे कार्यालय वाढवून देतं, एका वेळी पाच वर्षांपर्यंतही. मुंबईत ते झेवियर्स कॉलेजच्या मागे आहे. मात्र २०१८ पासून अर्ज ऑनलाइन भरायचा. बोलावणं आलं तरच हेलपाटा. नियम जावयालाही तोच. या व्हिसावर परवानगीशिवाय नोकरी धरता येत नाही, हे पुष्कळांना उशिरा कळतं.

लग्नाचा दाखला जोडणं सोपं. घोडं अडतं ते राहत्या जागेच्या पुराव्यापाशी. गिरगाव-दादरकडे वीज ‘बेस्ट’ची, आणि पागडीच्या खोलीचं बिल अजून आजोबांच्या नावावर. आजोबा जाऊन वीस वर्षं झालेली! भाडेपावतीही त्यांचीच, शिवाय खोलीवर काकांचा हक्क. इमारत पुनर्विकासाला गेली असेल तर कुटुंब भाड्याच्या घरात आणि नवऱ्याच्या आधार कार्डावर पाडलेल्या चाळीचा पत्ता. अशा वेळी पोलीस चौकशीला येतात ते भलत्याच दारात. मुदत संपत आल्यावर कागद गोळा करायला धावणं हा शुद्ध आळस. आधार कार्डावर आताचा पत्ता घाला, भाडेकरार नोंदवून घ्या, बिलावरचं नाव बदला. यातलं काहीच एका दिवसात होत नाही.

सारखी मुदतवाढ नको असेल तर ‘ओसीआय’ कार्ड आहे. ते आजीव व्हिसासारखं चालतं. मतदान मात्र करता येत नाही, शेतजमीनही घेता येत नाही. घटस्फोट झाला तर लग्नाच्या आधारे मिळालेलं हे कार्ड रद्द होऊ शकतं. पाकिस्तान वा बांगलादेशशी नागरिकत्वाचं नातं असलेल्यांना, अगदी पणजोबांपर्यंत, ते मिळतच नाही. लग्नाच्या आधारे नागरिकत्व हवं असेल तर अर्जाआधी भारतात सात वर्षांचं वास्तव्य लागतं.

ओसीआयसाठी लग्न नोंदवलेलं हवं आणि अर्जाआधी सलग दोन वर्षं टिकलेलं हवं. हॉलमधले फोटो आणि पत्रिका इथे कामाच्या नाहीत. वधू-वर दोघेही हिंदू असतील तरच हिंदू विवाह कायदा लागू होतो. एरवी अक्षता पडल्या, सप्तपदी झाली, तरी रस्ता १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा, आणि त्यात ३० दिवसांची नोटीस आलीच. नोटीस देण्याआधी दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात ३० दिवस वास्तव्य हवं. मुंबईकर मुलाला किंवा मुलीला ती अडचण नाही. तेव्हा मंगल कार्यालयाची तारीख पक्की करण्याआधी विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस देऊन ठेवा.