कुंडीतील फड्या निवडुंग

माळरानावर आणि शेताच्या बांधावर वाढणारा फड्या निवडुंग सर्वांच्या ओळखीचा आहे. नागाच्या फड्यासारख्या आकारावरून त्याला हे नाव मिळाले. तो येथे इतका रुळला आहे की, तो परदेशातून आलेला आहे हे सांगूनही खरे वाटत नाही. शास्त्रज्ञ ज्याला ओपन्शिया म्हणतात, त्या वंशातील सर्व जाती मूळच्या अमेरिका खंडातील होत. मेक्सिकोच्या राष्ट्रध्वजावरील गरुड याच वनस्पतीवर बसलेला दाखविलेला आहे. रानातील ही वनस्पती घरातील कुंडीतही सुखाने नांदते. मात्र तिची प्रकृती आधी समजून घेतली पाहिजे.

पान नव्हे, खोड

निवडुंगाचे जाड, चपटे फडे पाहून ती पाने आहेत असे वाटते. वस्तुतः ते खोडाचे भाग आहेत. खरी पाने अगदी लहान असून कोवळ्या फड्यावर थोडेच दिवस टिकतात. फड्यावरील ठिपक्यांतून मोठे काटे निघतात आणि त्यांच्या बुडाशी बारीक कुसळांचे झुबके असतात. कुसळांना उलट्या आकड्या असल्यामुळे ती कातडीत शिरली की सहज निघत नाहीत. मोठ्या काट्यांपेक्षा त्यांचेच भय अधिक.

बहुतेक वनस्पती दिवसा आपली त्वग्रंध्रे उघडून हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड घेतात. तसे करताना त्यांच्यातील पाण्याची वाफ होऊन जाते. निवडुंग हे काम रात्रीच्या गारव्यात उरकतो. रात्री घेतलेला वायू तो मॅलिक अम्लाच्या रूपाने साठवितो आणि दिवसा रंध्रे मिटून, सूर्यप्रकाशाच्या साह्याने त्यापासून अन्न तयार करतो. पानफुटीतही हीच क्रिया चालते. पानफुटीची पाने सकाळी आंबट लागतात आणि दुपारी बेचव होतात, हे भारतात राहणाऱ्या बेंजामिन हेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने ताडले होते. त्याचे हे निरीक्षण १८१५ मध्ये प्रसिद्ध झाले.

यावरून दोन गोष्टी उघड होतात. निवडुंगाला पाणी थोडे लागते, पण प्रकाश मात्र भरपूर लागतो. घरात बहुधा याच्या उलट घडते, आणि तेच त्याच्या नाशाचे कारण होते.

लागवड

घरासाठी ओपन्शिया मायक्रोडॅसिस ही मेक्सिकोतील ठेंगणी जाती सोयीची आहे. तिला मोठे काटे नसतात. परंतु कुसळे विपुल असतात, म्हणून ती मऊ समजून हात लावू नये. वर्तमानपत्राची जाड घडी करून फडा तीत धरावा आणि स्वच्छ सुरीने सांध्यावर कापावा. तो सुमारे आठवडाभर सावलीत ठेवून कापलेली बाजू पूर्ण सुकू द्यावी. ओल्या जखमेतून कुजविणारी बुरशी आत शिरते.

तळाला छिद्र असलेली मातीची कुंडी घ्यावी. छिद्रावर खापरीचा तुकडा ठेवून, बागेतील माती, जाड वाळू आणि विटांचा चुरा समभाग मिसळून ती भरावी. फड्याचा खालचा थोडासा भाग मातीत बसवावा. पहिले काही दिवस पाणी देऊ नये. पुढेही बेतानेच द्यावे. उबदार हवेत काही आठवड्यांत मुळे फुटतात.

कुंडी ज्या खिडकीत सर्वांत अधिक ऊन येते तेथे ठेवावी. प्रकाश अपुरा पडला की नवे फडे अरुंद, फिके व लांबट होतात. ते पुन्हा पूर्ववत होत नाहीत. सावलीत वाढलेले रोप एकदम कडक उन्हात नेल्यास करपते, म्हणून त्याला उन्हाची सवय हळूहळू लावावी.

माती आतपर्यंत कोरडी झाल्यावरच पाणी घालावे आणि बशीत साचलेले पाणी ओतून टाकावे. पावसाळ्यात व थंडीत पाणी फारच कमी द्यावे. फडा सुरकुतला तर तो तहानलेला असू शकतो. परंतु बुडाशी मऊ व काळसर झाला तर तो कुजत आहे असे समजावे. अशा वेळी वरचा निरोगी फडा कापून, सुकवून नव्याने लावावा.

एक सावधगिरी

फड्यावर कापसासारखे पांढरे पुंजके दिसल्यास ते स्पिरिटात भिजविलेल्या बोळ्याने पुसावेत. पुंजका चिरडल्यावर गडद लाल रंग निघाला, तर तो कोचिनील कीटक होय. या कीटकापासून किरमिजी रंग मिळविण्याच्या उद्देशाने १७९५ मध्ये ब्राझीलमधून काही कीटक भारतात आणले गेले. ते हव्या त्या जातीचे नव्हते. रंगाचा व्यवसाय साधला नाही. पण त्या कीटकांनी एका जातीच्या रानटी निवडुंगाचा फडशा पाडला. कीटकांकरवी तण आटोक्यात येण्याचे हे जगातील पहिले उदाहरण मानले जाते.

ऑस्ट्रेलियात बाहेरून नेलेल्या निवडुंगाने १९२५ पर्यंत सुमारे २ कोटी ४० लाख हेक्टर जमीन व्यापली होती. अखेर अर्जेंटिनातून आणलेल्या एका पतंगाच्या अळ्यांनी ती मोकळी केली. अशा प्रसाराला मातीवर पडलेला एक तुकडाही पुरतो. म्हणून छाटलेले फडे ओढ्याकाठी किंवा माळावर कधीही फेकू नयेत. ते पूर्ण वाळवून जाळावेत. कुंडीत शोभा देणारी वनस्पती कुंडीबाहेर शेतकऱ्याची वैरीण होऊ शकते, याचे भान ती लावणाऱ्याने ठेवले पाहिजे.